ओटीपी उसात, गेम घरात

पुणे

चि. भाचेबुवा यांस,


भाचेबुवांचा त्रागा ढोकीहून पुण्याला पोचला. विकत घेतलेला गेम नव्या कॉम्प्युटरवर उघडायचा, तर दुकान आधी पासवर्ड मागतं, मग मेलवर पाठवलेला आकडा, मग मोबाइलवरचा ओटीपी. मोबाइल वडिलांच्या खिशात, वडील उसात, आणि उसात रेंज नाही. ते बांधावर येऊन आकडा सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली. असं पुन्हा पुन्हा झालं की दुकानाला उलट भाचेबुवांचाच संशय येतो आणि खातं कुलूपबंद. ‘पैसे मी मोजले, गेम माझा, मग चोरासारखी झडती माझीच का?’ असा भाचेबुवांचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे. ‘नियम आहे, पाळायचा’ एवढ्यावर तो उडवून लावता येणार नाही. या झडत्यांपैकी काही भाचेबुवांच्या भल्यासाठी आहेत, काही निव्वळ जुन्या खुळापायी चालत आलेल्या, तर काही दुकानदाराच्या सोयीच्या. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. शिवाय यातला सर्वांत मोठा घोळ दुकानात नाही, तो घरातल्या सिमकार्डात आहे. तोही या पत्रात येईलच.

सुरुवातीला असलं काही नव्हतं. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं 2003 मध्ये ‘स्टीम’ ही पुढे गेमचं दुकान बनलेली सेवा सुरू केली तेव्हा नाव आणि पासवर्ड टाकला की काम भागायचं. पुढे गेममधल्या वस्तूंची देवाणघेवाण सुरू झाली. बंदुकीचा रंग, चाकूवरची नक्षी यांना खऱ्या पैशात भाव येऊ लागला आणि भावामागोमाग चोर आले. दर महिन्याला सुमारे 77,000 खाती चोरांच्या हाती लागून लुटली जातात, असं डिसेंबर 2015 मध्ये व्हॉल्व्हनंच उघडपणे सांगितलं. लुटले जाणारे सगळे नवखे नव्हते, त्यांत मुरलेले व्यावसायिक खेळाडूही होते. चोर खात्यात शिरून माल दुसऱ्याच्या नावे करायचा, दुसरा तिसऱ्याच्या, आणि मालकाला पत्ता लागेपर्यंत माल भलत्याच माणसानं पैसे मोजून घेतलेला असायचा.

त्यावर कंपनीनं काढलेली तोड अशी: ज्यानं मोबाइलवरचं खातरजमेचं ॲप जोडलेलं नाही, त्यानं कुणाला दिलेला माल काही दिवस अडकवून ठेवायचा. ही अडवणूक 15 दिवसांपर्यंत जाते. जुलै 2025 पासून तर काउंटर-स्ट्राइक या गेममधला सौदा 7 दिवसांच्या आत मूळ मालकाला उलटवता येतो. भाचेबुवांना जो उशीर खुपतो, तोच मालकाला जागं व्हायला वेळ मिळवून देतो.

व्हॉल्व्हचे मालक गेब नेवेल यांनी मार्च 2011 मध्ये जर्मनीतल्या हॅनोवर शहरातल्या ‘सेबिट’ प्रदर्शनात स्वतःच्या स्टीम खात्याचं नाव आणि पासवर्ड चारचौघांत जाहीर केला होता. त्यांना ‘स्टीम गार्ड’ ही नवी सोय दाखवायची होती. पासवर्ड जगाला कळला तरी अनोळखी कॉम्प्युटरवरून येणाऱ्याला दुसरा आकडा दिल्याशिवाय आत जाता येणार नाही, असा त्यांचा दावा. भाचेबुवांनी मात्र हा प्रयोग करू नये. मेलचा पासवर्डही तोच ठेवलेला असला तर दुसरा आकडाही चोराच्याच हाती जातो.

आणि एकच पासवर्ड सगळीकडे ठेवण्याची सवय तर घरोघरी. एप्रिल 2011 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये चोर शिरले. सुमारे 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ते जाळं तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवावं लागलं. पुढे 2013 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी सोनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला. निन्टेन्डोनं एप्रिल 2020 मध्ये 1 लाख 60 हजार खात्यांत परके शिरल्याचं कबूल केलं. जूनपर्यंत तो आकडा 3 लाखांवर गेला. अशा ठिकाणांहून फुटलेल्या नाव-पासवर्डांच्या याद्या बाजारात फिरतात. चोर त्या याद्या घेतो आणि यंत्राकरवी हजारो दुकानांच्या दारांवर एकेक जोडी लावून पाहतो. त्याला भाचेबुवांशी काही वैर नसतं. ढोकी कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसतं. यादीत जोडी असली आणि ती दाराला लागली, की झालं.

दुसऱ्या आकड्याचा उपयोग किती, याचं मोजमापही झालेलं आहे. गुगलनं 2019 मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन दिएगो इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांसह अभ्यास केला. त्यात एसएमएसवरून आलेल्या आकड्यानं यंत्राकरवी होणारे सगळे हल्ले अडवले, घाऊक प्रमाणावर पाठवलेल्या फसव्या दुव्यांचे 96 टक्के, आणि एखाद्या माणसावर नेम धरून केलेल्या हल्ल्यांपैकी 76 टक्के. उरलेल्या 24 टक्क्यांचं काय, हे पुढे येईल.

झडती गिऱ्हाइकाचीच होते असंही नाही. 2023 मध्ये गेम बनवणाऱ्या काहींची स्टीमवरची खाती चोरांनी बळकावली आणि त्यांच्या गेममध्ये घातक सॉफ्टवेअर घुसवलं. त्याची झळ शंभराहून कमी लोकांना लागली. तरीही त्या ऑक्टोबरपासून कंपनीनं विक्रेत्यांनाही गेमचा नवा भाग चढवण्याआधी एसएमएसवरचा आकडा बंधनकारक केला.

गिऱ्हाईक कंटाळतं हे दुकानांनाही कळतं, म्हणून त्यांनी आमिषंही दाखवून पाहिली. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिकनं 2018 मध्ये दुहेरी खातरजमा सुरू करणाऱ्या खेळाडूंना एक नाच फुकट दिला. गेममधल्या पात्राला नाचवता यावं म्हणून लाखो पोरांनी निमूटपणे सेटिंग उघडलं असेल. मग 2020 च्या एप्रिलअखेर एपिकनं फुकट गेम घेण्यासाठीच ही अट घातली आणि मे महिन्यात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ फुकट वाटला, तेव्हा गर्दी एवढी उसळली की दुकानच कोलमडलं.

आता भाचेबुवांची बाजू. पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, शिवाय दर तीन महिन्यांनी तो बदलायला हवा, या नियमाला भाचेबुवा वैतागले असतील तर ते एकटे नाहीत. हा नियम ज्यांच्या लेखणीतून आला ते बिल बर हेही पुढे वैतागले. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेसाठी त्यांनी 2003 मध्ये ती मार्गदर्शिका लिहिली होती. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं त्यांनी 2017 मध्ये निवृत्तीनंतर सांगितलं. त्याच वर्षी निस्टनं सल्ला बदलला: चिन्हांची सक्ती नको, विनाकारण पासवर्ड बदलायला लावणं नको, त्यापेक्षा तो लांब असू द्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो नाही ना हे तपासा. इतकं होऊनही कित्येक दुकानांच्या दारावर ती जुनी पाटी अजून तशीच आहे.

सक्तीचा परिणाम काय होतो हे भाचेबुवांच्याच गावात पाहावं. पहिलं अक्षर मोठं करून ढोकी, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे जन्मसाल. दुकानाचे सगळे नियम पाळले गेले, आणि वर्गातल्या कुठल्याही पोराला ते पाच मिनिटांत सुचेल. तेर गाव, तेरणा नदी, संत गोरोबाकाका हेही असेच, ओळखीचा माणूस सर्वांत आधी लावून पाहील असे. त्याऐवजी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. लक्षात राहतात आणि लांबही होतात. त्यातही मेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नये, कारण बाकी सगळे पासवर्ड विसरले तरी मेलवरूनच परत मिळवता येतात.

काही दारं तर गिऱ्हाइकासाठी नसतातच. ‘हेलडायव्हर्स 2’ हा गेम फेब्रुवारी 2024 मध्ये आला. कॉम्प्युटरवर तो स्टीमवरून विकला गेला आणि लोक खेळूही लागले. मग 3 मे रोजी सोनीनं सांगितलं की पुढे खेळायचं तर प्लेस्टेशनचंही खातं जोडावं लागेल. कारण दिलं सुरक्षेचं. पण ज्या देशांत प्लेस्टेशनची खातीच निघत नाहीत, तिथल्या लोकांनाही हा गेम विकलेला होता. त्यांनी करायचं काय? खेळाडूंनी स्टीमवर दोन लाखांहून अधिक नापसंतीचे शेरे मारले. तीन दिवसांत, 6 मे रोजी, सोनीनं माघार घेतली. शेरे मारणारे सगळे सुरक्षेचे वैरी नव्हते. ही अट आपल्या खात्याची राखण करत नाही, कंपनीची गिऱ्हाईकसंख्या वाढवते, हे त्यांनी ओळखलं होतं.

भाचेबुवांनीही प्रत्येक अटीला हेच विचारावं: ही नसती तर नुकसान कुणाचं झालं असतं? नवं यंत्र दिसल्यावर आकडा मागणं, वस्तू दुसऱ्याच्या नावे करताना थांबवणं, मेलचा पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावर कळवणं, या अटींवर रागावू नये. गेम खेळण्यासाठी फोनमधले सगळे संपर्क, ठिकाण आणि फोटो मागितले जात असतील तर मात्र सरळ नाही म्हणावं.

पैसे भरतानाचा ओटीपी हे आणखी वेगळं प्रकरण. त्याचं खापर दुकानावर फोडण्यात अर्थ नाही. कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना जादा खातरजमा हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑगस्ट 2009 पासूनचा आहे. त्या काळी परदेशात कार्डाचे आकडे टाकले की व्यवहार व्हायचा, आपल्याकडे अडायचा, म्हणून बाहेरच्या कंपन्या कुरकुरायच्या. पुढे 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायलाही मनाई झाली, त्याजागी टोकन आलं. म्हणजे उद्या एखादं दुकान फुटलं तरी वडिलांच्या कार्डाचा क्रमांक त्यातून बाहेर पडणार नाही. स्टीमवर 2015 पासून किमती रुपयांत दिसतात, आणि आता यूपीआयही चालतं. भाचेबुवांनी कार्डाच्या भानगडीत न पडता यूपीआयनं पैसे भरावेत, आणि तेही स्वतःच्या खात्यातून.

इथे गोष्ट घरात येते.

भाचेबुवांच्या गेमच्या खात्याला नंबर वडिलांचा. मेल कुणाचा, तर चुलतभावानं कधीतरी काढून दिलेला, ज्याचा पासवर्ड आता त्यालाही आठवत नाही. पैसे भरले मित्राच्या यूपीआयवरून. जन्मतारीख खोटी, कारण खातं काढताना वय कमी पडत होतं. मग दुकानानं भाचेबुवांना ओळखावं कशावरून? तेरणा कारखान्याच्या गावात वाढलेल्या पोराला हे वेगळं समजावून सांगायला नको. ऊस ज्याच्या नावावर नोंदवला, बिल त्याच्याच खात्यावर जमा होतं, मग शेतात पाणी धरायला रात्रभर कुणीही जागलेलं असो.

यात आणखी एक मेख आहे. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामकानं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. म्हणजे 90 दिवसांनंतर तो कुणालाही मिळू शकतो. स्वस्त ऑफर पाहून सिम बदलायचं आणि जुनं ड्रॉवरमध्ये टाकायचं, ही रीत गावोगावी आहे. त्या जुन्या नंबराला गेमचं खातं, मेल, कधी कधी बँकही बांधलेली असते, आणि भाचेबुवांचा ओटीपी उद्या भलत्याच माणसाच्या हातात वाजू शकतो.

तेव्हा करायचं ते असं. भाचेबुवांना आता अठरा पूर्ण झाली आहेत, तर सिम स्वतःच्या नावावर घ्यावं आणि तोच नंबर वर्षानुवर्षं ठेवावा. कंपनी बदलायची तर नंबर तोच ठेवून बदलता येते. नवा मेल काढावा, त्याला हा नंबर जोडावा आणि मगच गेमच्या खात्यांना हात घालावा. हा क्रम उलटा करू नये, नाहीतर नवं खातं पुन्हा जुन्याच नंबरावर उभं राहील.

दुसरं, एसएमएसची वाट पाहणं सोडावं. खातरजमेचं ॲप ज्या पद्धतीनं आकडा काढतं ती 2011 मध्येच प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आहे. ॲप जोडताना दुकान आणि फोन यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. पुढे ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करून दोघंही आपापल्या जागी दर 30 सेकंदांनी तोच आकडा काढतात. त्यासाठी एसएमएस लागत नाही, इंटरनेट लागत नाही, रेंजही लागत नाही. उसाच्या फडातसुद्धा आकडा मिळतो, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. आकडे सारखे चुकत असतील तर फोनमध्ये वेळ आपोआप लावण्याची सोय चालू आहे का ते पाहावं. शिवाय सिमची नक्कल काढून एसएमएस पळवणाऱ्या भामट्याला या आकड्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरं, ॲप जोडताना दुकान काही सुटकेचे आकडे देतं. फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला तर तेच कामी येतात. ते कागदावर उतरवून घरातल्या सातबाऱ्याच्या फायलीत ठेवावेत. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवला तर फोनबरोबर तोही जाईल. जिथे ‘पासकी’ची सोय असेल तिथे ती घ्यावी, तिच्यात बोटाच्या ठशावर काम भागतं आणि पासवर्ड टाकावाच लागत नाही. प्लेस्टेशननं ती फेब्रुवारी 2024 पासून दिली आहे.

आता गुगलच्या अभ्यासातले ते उरलेले 24 टक्के. तिथे कुलूप फुटत नाही, मालक स्वतःच दार उघडून देतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ओळखीच्याच नावानं निरोप येतो: ‘चुकून तुझ्या खात्याची तक्रार केली, अमुक अधिकाऱ्याशी बोल, नाहीतर खातं बंद होईल.’ अधिकारी अर्थातच बनावट. कधी निरोप येतो की आमच्या टीमला मत दे, आणि दुव्यावर हुबेहूब स्टीमसारखी लॉगिनची खिडकी उघडते. ही खिडकी म्हणजे पानावर रंगवलेलं चित्र असतं, वरचा पत्ताही चित्रातलाच. पारखायची युक्ती सोपी आहे: ती खिडकी ओढून ब्राउझरच्या चौकटीबाहेर नेऊन पाहावी. खरी असेल तर जाते, चित्र असेल तर काठाशी अडते. बीजीएमआय या मोबाइल गेममधले यूसी नावाचे पैसे फुकट देतो म्हणणारे, अर्ध्या किमतीत तयार खातं विकणारे, ‘फक्त एकदा ओटीपी सांग’ म्हणणारे, हे सगळे त्याच टोळीचे. विकत घेतलेलं खातं तर मूळ मालक केव्हाही परत मागू शकतो, आणि दुकान त्याचंच ऐकतं.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता आले तरच हाती लागतात. ढोकीच्या पोलिस ठाण्यातही तक्रार देता येते, आणि धाराशिवला जिल्ह्याचं सायबर पोलिस ठाणं आहे.

धाकट्या बहिणीचंही पाहावं. तिचं खातं काढताना जन्मतारीख खरीच टाकावी. बीजीएमआयसारख्या गेममध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, तिच्यावरून घरात भांडण होईल, ते होऊ द्यावं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठराखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची खातरजमा होईल अशी संमती मागितली आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. म्हणजे झडत्या कमी होणार नाहीत. आज खोटं वय घातलेलं खातं उद्या पुराव्याअभावी अडेल, आणि तेव्हा भाचेबुवांसारखाच त्रागा तिच्या वाट्याला येईल.

राहिलं ते अडकलेलं जुनं खातं. त्याच्यासाठी दुकानाच्या मदत विभागाला एकच नीट पत्र लिहावं. रोज नवी तक्रार टाकू नये. पहिल्या खरेदीची पावती, ज्या यूपीआयवरून पैसे गेले त्याचा व्यवहार क्रमांक आणि तारीख, खातं उघडताना दिलेला मेल, एवढं जोडावं. मित्राकडून त्याच्या ॲपमधला तो व्यवहार शोधून घ्यावा. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर किती गेम गेले याचा हिशेब करून ते सोडून द्यावं, आणि परत मिळवून देतो म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नये.

नव्या खात्यावर पहिला गेम मामाकडून. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूनं बनवलेला ‘राजी’, 2020 चा, स्टीमवर आहे. धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, बहिणीलाही आवडेल. मामा पैसे पाठवणार नाही आणि स्वतःचा ओटीपीही कुणाला वाचून दाखवणार नाही. गेम थेट भेट म्हणून येईल, त्याआधी मैत्रीची विनंती येईल. ती मामाचीच आहे का, हे स्वीकारण्यापूर्वी भाचेबुवांनी फोन करून विचारावं.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

मामा